विकी सॉफ्टवेअरसाठी सामाईक चिन्हांकन-प्रमाण : 'विकीक्रिओल'ची घडण आणि मराठी लेखनाच्या गरजा

प्रस्तावना

एका संगणकावर टंकलेला मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला असता अनोळखी खुणांची रांग दिसावी, हा अनुभव महाविद्यालयीन अध्यापकांस नवा नाही. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव यांसारख्या टंकसंचांत लिहिलेल्या प्रश्नपत्रिका, टिपणे व शोधनिबंध त्या त्या टंकसंचाशिवाय वाचता येत नसत. 'क' हे अक्षर कोणत्या क्रमांकावर ठेवावे, हे प्रत्येक संचाने स्वतःपुरते ठरविलेले होते. १९९१ साली 'इस्की' हे भारतीय मानक आयएस १३१९४ म्हणून प्रसिद्ध झाले; युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. पुढे युनिकोडचा प्रसार झाला आणि अक्षरांच्या पातळीवरील हा प्रश्न बव्हंशी मिटला.

त्याच्या वरच्या पातळीवरील प्रश्न मात्र शिल्लक राहिला. अक्षरे एकच झाली, तरी शीर्षक कोणते, ठळक शब्द कोणता, दुवा कोणत्या पानाकडे जातो, हे सांगणाऱ्या खुणा प्रत्येक विकी सॉफ्टवेअरच्या वेगळ्या आहेत. समजा, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाने चौदा तालुक्यांच्या स्थानिक इतिहासाचा विकी उभारला, विद्यार्थ्यांनी चार-पाच वर्षे त्यात नोंदी केल्या आणि त्यानंतर सॉफ्टवेअर बदलण्याची वेळ आली. अशा वेळी अक्षरे सुखरूप पोहोचतील. परंतु नोंदींची रचना आणि परस्परांशी असलेली जोडणी पोहोचेल याची खात्री देता येत नाही. या अडचणीवर उपाय म्हणून २००६-०७ मध्ये 'विकीक्रिओल' हे सामाईक चिन्हांकन-प्रमाण तयार करण्यात आले. ते कसे घडले आणि मराठीत लिहिणाऱ्याच्या गरजा त्यात कितपत भागतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एकच खूण, अनेक अर्थ

वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने २५ मार्च १९९५ रोजी 'विकीविकीवेब' हे पहिले विकी संकेतस्थळ सुरू केले. 'विकी विकी' हे हवाई बेटांवरील भाषेतील शब्द, अर्थ 'झटपट'. वाचकानेच संपादन करावे ही मूळ कल्पना असल्यामुळे त्याला एचटीएमएलचे लांबलचक टॅग लिहावयास लावणे परवडणारे नव्हते. म्हणून कळफलकावरील साध्या चिन्हांची एक सुटसुटीत खूणभाषा योजण्यात आली. या खूणभाषेस मार्कअप अथवा चिन्हांकन म्हणतात.

पुढे विकी सॉफ्टवेअर डझनावारी झाले व प्रत्येकाची खूणभाषा निराळी झाली. मराठी विकिपीडिया (आरंभ १ मे २००३) ज्या मीडियाविकीवर चालतो, त्यात शब्द ठळक करण्यासाठी दोन्ही बाजूंस तीन-तीन अपॉस्ट्रॉफी द्याव्या लागतात. डोकुविकीत दोन-दोन तारका. टीविकीत एकच तारका. जेएसपीविकीत दुव्यात आधी दिसावयाचा मजकूर आणि नंतर पानाचे नाव येते, तर मीडियाविकीत क्रम नेमका उलट आहे. सर्वांत फसवे उदाहरण शीर्षकाचे. मीडियाविकीत बरोबरची चिन्हे जितकी अधिक तितके शीर्षक लहान, तर डोकुविकीत सहा चिन्हांचे शीर्षक सर्वांत मोठे. एका विकीतील पान जसेच्या तसे दुसऱ्यात चिकटविल्यास प्रकरणाचे नाव उपमुद्दा होते आणि उपमुद्दा प्रकरण होऊन बसतो. संगणक त्याबद्दल कोणतीही तक्रार करीत नाही, त्यामुळे चूक बराच काळ लक्षातही येत नाही.

विकीक्रिओलची घडण

ऑगस्ट २००६ मध्ये डेन्मार्कमधील ओडेन्से येथे विकीविषयक आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरला होता. तेथील कार्यशाळेत सामाईक चिन्हांकनाची कल्पना आकारास आली. क्रिस्टोफ साउअर, चक स्मिथ आणि टोमास बेन्झ हे या कामातील प्रमुख. २००७ च्या परिसंवादात त्यांनी यासंबंधीचा निबंध सादर केला. ४ जुलै २००७ रोजी विकीक्रिओलची १.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली.

'क्रिओल' हा शब्द भाषाविज्ञानातून घेतलेला आहे. भिन्न भाषा बोलणारे समाज एकत्र नांदू लागले की त्यांच्या संपर्कातून जी नवी, स्थिर बोली निर्माण होते ती क्रिओल. महाराष्ट्रात याचे उदाहरण रायगड जिल्ह्यातील कोर्लई येथे आढळते. तेथील ख्रिस्ती समाजाची बोली पोर्तुगीज व मराठी यांच्या संपर्कातून घडली आहे. चिन्हांकनास हे नाव देण्यामागील भूमिका अशी, की कोणत्याही एका सॉफ्टवेअरची भाषा इतरांवर लादावयाची नाही. सर्वांत जे समान आहे ते उचलावयाचे.

त्यानुसार प्रचलित विकींची तुलना करण्यात आली. एखाद्या कामासाठी बहुतेकांची खूण एक असेल तर ती घ्यावी, एकमत नसेल तर सामान्यतः मीडियाविकीची घ्यावी, असा मार्ग ठरला. ठळक शब्दास दोन तारका, तिरप्या अक्षरांस दोन तिरप्या रेषा, शीर्षकास बरोबरची चिन्हे, दुव्यास दुहेरी चौकटी कंस, चित्रास दुहेरी महिरपी कंस, सक्तीच्या ओळतोडीस दोन उलट्या तिरप्या रेषा, यादीस तारका आणि क्रमांकित यादीस # हे चिन्ह, अशी ही वर्णमाला आहे. क्षैतिज रेषा, तक्ता आणि 'येथील खुणांचा अर्थ लावू नये' असे सांगणारे तिहेरी महिरपी कंस धरले तरी सारे नियम एका पानावर मावतात.

या संक्षेपामागे काही निकष होते : नवी खूण शोधून काढू नये, दोन खुणांची टक्कर होऊ देऊ नये, टंकण्यास सोपे असावे, कच्चा मजकूरही वाचता यावा, आणि ज्याबद्दल एकमत नाही ते प्रमाणाबाहेर ठेवावे. टक्कर टाळणे दिसते तितके सोपे नव्हते. ओळीच्या आरंभी दोन तारका आल्या तर तो ठळक शब्द समजावा की यादीतील दुसऱ्या पातळीचा मुद्दा? वरच्या ओळीवर यादी चालू असेल तर मुद्दा, अन्यथा ठळक शब्द, असा निवाडा करण्यात आला. संकेतस्थळाच्या पत्त्यातही दोन तिरप्या रेषा असतात. तेथून पुढचा मजकूर तिरपा होऊ नये यासाठी वेगळी दक्षता घ्यावी लागली.

पहिल्या आवृत्तीनंतर दोन वर्षे कोणताही बदल करावयाचा नाही, असेही ठरले. निरनिराळ्या सॉफ्टवेअरच्या कर्त्यांना ते स्वीकारण्यास अवधी मिळावा, हा हेतू. मराठी वाचकास येथे संत एकनाथांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. शके १२१२ मध्ये नेवासे येथे सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या प्रतींत कालौघात पाठभेद शिरले होते. शके १५०६ मध्ये (इ.स. १५८४) एकनाथांनी प्रती पाहून पाठ शुद्ध केला आणि यापुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये असे बजावले. हे साम्य अर्थातच मर्यादित आहे. एकनाथांच्या शब्दामागे जो अधिकार होता, तसा विकीक्रिओलच्या कर्त्यांपाशी नव्हता. त्यांना केवळ विनंती करता येत होती.

देवनागरीचा लाभ : दुव्याचा नियम

मराठीच्या दृष्टीने विकीक्रिओलमधील सर्वांत मोलाचा नियम दुव्याचा आहे. पहिल्या विकीत दुवा देण्याची रीत अशी होती, की दोन इंग्रजी शब्द जोडून लिहावेत व प्रत्येकाचे आद्याक्षर मोठ्या लिपीतील असावे. सॉफ्टवेअर त्याचा आपोआप दुवा करी. देवनागरीत मोठी व लहान लिपी असा भेदच नाही. म्हणजे त्या रीतीने मराठीत एकही दुवा देता आला नसता, आणि दुव्यांविना विकी ही नुसती पानांची चवड ठरली असती. दुहेरी चौकटी कंसांची पद्धत पुढे विकिपीडियामुळे रूढ झाली. विकीक्रिओलने तीच प्रमाण मानली.

दुसरा लाभ शब्दविरहिततेचा. विकीक्रिओलच्या नियमांत एकही इंग्रजी शब्द नाही. केवळ चिन्हे आहेत. मीडियाविकीने याच्या उलट वाट धरली. तेथे 'चित्र', 'वर्ग', 'साचा' असे मराठी शब्दच आज्ञा म्हणून चालतात. मराठी लेखकास ते सोयीचे आहे, यात शंका नाही. परंतु ते पान बाहेर गेले की अडचण येते. जिल्ह्याच्या नामांतराचेच उदाहरण घेता येईल. 'अहमदनगर' हे पान उघडणाऱ्यास 'अहिल्यानगर'कडे वळवावयाचे असेल, तर मराठी मीडियाविकीत '#पुनर्निर्देशन' या आज्ञेपुढे नव्या पानाचा दुवा देतात. हीच ओळ विकीक्रिओलचे नियम पाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेली, तर आरंभीच्या # मुळे ती क्रमांकित यादी समजली जाईल आणि वाचकास '१. पुनर्निर्देशन अहिल्यानगर' एवढेच दिसेल. पुनर्निर्देशनाचा समावेश विकीक्रिओलमध्ये नाही.

कळफलकाची अडचण

'टंकण्यास सोपे' या निकषाची पारख कळफलकावरच होते. कंस टंकणे जर्मन कळफलकावर इंग्रजीइतके सोपे नाही, कारण तेथे जोडकळ दाबावी लागते. पण तेथे चिन्ह निदान कळीवर असते तरी. मराठीसाठी प्रमाण मानल्या गेलेल्या इनस्क्रिप्ट कळफलकावर स्थिती याहून कठीण आहे. उघडणाऱ्या चौकटी कंसाच्या कळीवर 'ड' आहे, बंद करणाऱ्या कंसाच्या कळीवर नुक्ता. महिरपी कंसांच्या जागी 'ढ' आणि 'ञ'. तिरप्या रेषेच्या कळीवर 'य', उलट्या तिरप्या रेषेच्या कळीवर 'ऑ'ची मात्रा, बरोबरच्या चिन्हाच्या जागी ऋकाराची खूण, तारकेच्या जागी 'श्र', # च्या जागी अक्षराखाली जोडला जाणारा 'र'. अपॉस्ट्रॉफीच्या कळीवर 'ट' असल्याने मीडियाविकीची रीतही यातून सुटत नाही. विकीक्रिओलच्या वर्णमालेतील आडवी रेषा तेवढी जागेवर राहते. भाषा बदलण्यास विसरलेला लेखक नेवाशाचा दुवा देऊ गेला, तर पडद्यावर 'डडनेवासा' आणि त्यापुढे दोन लोंबते नुक्ते उमटतात.

प्रत्येक खुणेसाठी कळफलक इंग्रजीत न्यावा व पुन्हा मराठीत आणावा, हा एकच उपाय उरतो. याचा भार किती, हे ज्ञानेश्वरीवरून मोजता येईल. ग्रंथात सुमारे नऊ हजार ओव्या आहेत. प्रत्येक ओवी दोन ओळींत मांडावयाची झाल्यास ओवीगणिक एक ओळतोड लागेल. म्हणजे उलटी तिरपी रेषा अठरा हजार वेळा दाबावी लागेल आणि कळफलकाची भाषाही अठरा हजार वेळा बदलावी लागेल. मीडियाविकीत यासाठी 'पोएम' नावाचा टॅग वापरता येतो; तो संपूर्ण अध्यायाभोवती एकदा घातला की आतील ओळी जशा टंकल्या तशा राहतात. विकीक्रिओलने पद्यासाठी स्वतंत्र खूण ठेवली नाही. 'एकमत नाही ते बाहेर' या निकषानुसार तो निर्णय सुसंगत होता. ज्या साहित्यपरंपरेचा पाया ओवी-अभंगांत आहे, तिला मात्र त्याची किंमत मोजावी लागते.

अक्षरांतर पद्धतीने, म्हणजे रोमन अक्षरे दाबून देवनागरी उमटविणाऱ्यांना हा त्रास कमी होतो, कारण त्यांचे कंस सहसा जागेवरच असतात. विकिपीडियाच्या संपादन-खिडकीत भाषा बदलण्याची सोय व खुणांची पट्टीही आहे. तथापि या सोयी त्या त्या सॉफ्टवेअरच्या आहेत. प्रमाणात त्यांचा उल्लेख नाही.

विभक्ती, अवतरणचिन्ह आणि दंड

मराठीत नाम एकटे क्वचितच येते. 'नेवासा' हे पानाचे नाव असले तरी वाक्यात 'नेवाशात', 'नेवाशाहून' अशी रूपे येतात. सामान्यरूपात मूळ शब्दच बदलत असल्याने दुव्यात पानाचे नाव आणि दिसणारे रूप ही दोन्ही उभ्या रेषेने विभागून लिहावी लागतात. जेथे मूळ शब्द बदलत नाही, उदाहरणार्थ 'संगमनेरला', तेथे मीडियाविकी कंसाबाहेरील 'ला' देखील दुव्यातच जोडून घेते. त्यासाठी देवनागरी अक्षरांचा पल्ला मराठीच्या मांडणीत मुद्दाम नोंदविलेला आहे. विकीक्रिओलमध्ये असा नियम नाही; 'संगमनेर' दुवा होईल आणि 'ला' साध्या अक्षरांत बाजूला राहील. वाचता येते, पण एकाच शब्दाचे दोन रंग दिसतात.

टक्कर टाळण्याचा निकष खुणाखुणांमधील टकरींपुरता राबविला गेला. लिपीतील प्रचलित चिन्हांशी होणारी टक्कर त्यात आली नाही. अनेक मराठी टंकलेखक दंडासाठी उभी रेषा वापरतात. विकीक्रिओलमध्ये ही रेषा तक्त्याचे रकाने पाडते. ओव्यांचा तौलनिक तक्ता करून त्यात अशा दंडासह ओवी लिहिल्यास एका ओवीचे चार रकाने होतात. युनिकोडमधील खरा दंड वापरल्यास हा दोष राहत नाही, हे नोंदविले पाहिजे. येथे सुधारणा टंकलेखकाच्या सवयीत व्हावयास हवी. विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टंकण्याच्या सवयीबद्दलही हेच म्हणता येईल. डोळ्यांस दोन्ही 'अंतःकरण' सारखीच दिसतात, संगणकास ती दोन स्वतंत्र पाने वाटतात.

ग्रंथनाम एकेरी अवतरणचिन्हांत लिहिण्याची मराठीतील रूढीही अशीच आड येते. मीडियाविकीत तिरप्या अक्षरांची खूण दोन अपॉस्ट्रॉफींची आहे. तिच्याबाहेर साधे एकेरी अवतरणचिन्ह आले की तीन अपॉस्ट्रॉफी होतात, शब्द ठळक होतो आणि अवतरणचिन्ह नाहीसे होते. विकीक्रिओलच्या तिरप्या रेषांमुळे ही अडचण टळते. अर्थात देवनागरी मुद्रणात तिरप्या अक्षरांची परंपराच क्षीण आहे. शब्दावर भर द्यावयाचा तर मराठी मुद्रक ठळक टंक वा अवतरणचिन्हे वापरीत आला आहे. जो नियम प्रमाणाच्या पहिल्या दोन-तीन नियमांत गणला जातो, त्याची मराठीस फारशी गरज नाही.

प्रसार आणि नंतरचे प्रमाण

एक्सविकी, मॉइनमॉइन, पीएमविकी आदींनी विकीक्रिओल वाचण्याची सोय केली. एक्सविकीने तर आपली पुढील खूणभाषा बऱ्याच अंशी त्यावर बेतली. मीडियाविकीने आपली मूळ खूणभाषा सोडली नाही. असंख्य पाने आधीच जुन्या खुणांत लिहिलेली असताना ठळक शब्दाची खूण बदलणे म्हणजे सर्व भाषांतील सर्व लेखकांस पुन्हा शिकविणे होते. सर्वांत मोठा विकी बाहेर राहिल्याने 'सामाईक' या विशेषणाला मर्यादा आली. २०१३ पासून विकिपीडियावर दृश्य-संपादकाची सोय झाली व खुणा न शिकताही लिहिता येऊ लागले; तथापि पान साठविले जाते ते त्याच जुन्या खूणभाषेत. त्यामुळे स्थलांतराचा प्रश्न जेथल्या तेथे आहे.

विकीबाहेरील लेखनात दरम्यान जॉन ग्रूबर यांचे 'मार्कडाउन' (२००४) लोकप्रिय झाले. त्याचेही अनेक अवतार निघाल्याने २०१४ मध्ये जॉन मॅकफार्लेन, जेफ ॲटवुड प्रभृतींनी 'कॉमनमार्क' हे काटेकोर प्रमाण मांडले. विकीक्रिओलपेक्षा ते कितीतरी तपशीलवार आहे. आणि मराठीची अडचण त्या तपशिलातूनच उद्भवते. ठळक शब्दाच्या शेवटच्या तारकांपूर्वी विरामचिन्ह असेल, तर त्यांच्यानंतर मोकळी जागा किंवा दुसरे विरामचिन्ह असले पाहिजे, असा तेथे नियम आहे. इंग्रजीत तो निर्धोक आहे. मराठीत 'ज्ञानेश्वरी'ची असे लिहिले की तारकांपूर्वी अवतरणचिन्ह व नंतर 'ची' येते, नियम मोडतो आणि तारका तशाच पानावर उमटतात. कोरियन भाषेतही प्रत्यय शब्दास जोडूनच येत असल्याने तेथील लेखकांस हाच अनुभव येतो. विकीक्रिओलमध्ये आरंभीच्या व शेवटच्या तारकांची जोडी जुळणे एवढेच पुरते. या एका बाबतीत २००७ चे साधे प्रमाण २०१४ च्या काटेकोर प्रमाणापेक्षा मराठीस अधिक मानवते.

महाविद्यालयाच्या पातळीवर

वरील विवेचनावरून विकीक्रिओल मराठीस निरुपयोगी आहे असे ठरत नाही. शीर्षक, परिच्छेद, यादी, ठळक शब्द व दुवा एवढ्यांवर ज्या नोंदी भागतात, म्हणजे स्थानिक इतिहासाच्या बहुतेक नोंदी, त्यांना ते पुरेसे आहे; आणि अशा नोंदी एका विकीतून दुसऱ्यात नेताना यांत्रिक रूपांतर शक्य असते. अडचण येते ती साचे, पद्य, पुनर्निर्देशन व वर्ग या प्रमाणाबाहेरील गोष्टींवर नोंदी जितक्या विसंबतील तितकी. चौंडी, नेवासे, भिंगार अशा गावांच्या नोंदींत माहिती-चौकटीचे साचे घालण्याचा मोह मोठा असतो, कारण पान देखणे दिसते. तीच माहिती साध्या यादीतही देता येते आणि ती यादी कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडते.

सॉफ्टवेअर निवडताना विभागाने एक चाचणी-पान तयार करून ते प्रत्येक पर्यायात उघडून पाहणे श्रेयस्कर. त्या पानात खऱ्या दंडासह दोन ओळींची एक ओवी असावी. 'नेवाशात' व 'संगमनेरला' हे दोन दुवे असावेत. अवतरणचिन्हांतील ग्रंथनाम ठळक करून त्यास षष्ठीचा प्रत्यय जोडलेला असावा. एक पुनर्निर्देशन, एक तक्ता आणि अर्ध्या 'र'चे 'दऱ्या', 'कुऱ्हाड' असे दोन शब्द असावेत. हे पान इनस्क्रिप्ट वापरणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याकडून टंकून घ्यावे आणि त्यास कळफलकाची भाषा किती वेळा बदलावी लागली, हेही लिहून ठेवावे.